त्या दोघींचा संसार

मैत्रिणींनो, हसत हसत वाचावी अशी एक रहस्यकथा सुचवते: फॅनी फ्लॅग यांची १९८७ ची ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे’. अलाबामातलं रेल्वेलगतचं एक चिमुकलं गाव. १९२९ साली इजी आणि रूथ तिथे खाणावळ काढतात. शेजारच्या पोस्टातल्या डॉट वीम्सबाई गावचं बातमीपत्र काढतात आणि त्यात स्वतःच्या नवऱ्याचीही फिरकी घेतात. रूथला मारझोड करणारा तिचा नवरा मात्र एक दिवस नाहीसा होतो. त्याचं काय झालं, ते पुस्तकातच वाचा.

१९९१ च्या सिनेमात या दोघी जिवलग मैत्रिणी वाटतात. मला हे पटत नाही. कादंबरीत इजीचं रूथवर प्रेम बसलंय, हे तिची आई ओळखते आणि इतर मुलांना बजावते, कुणी हसायचं नाही. वडील खाणावळीसाठी पैसे देतात. रूथचा मुलगा दोघींच्या हाताखाली वाढतो. याला मैत्री म्हटलं की ऐकणाऱ्याची सोय होते, पण त्या दोघींचा संसार पुसला जातो.

गाव काही आदर्श नाही. कृष्णवर्णीयांना याच खाणावळीत मागच्या दारी जेवण मिळतं. पण बारीकसारीक सगळं छापणाऱ्या वीम्सबाईंना या दोघींच्या एकत्र राहण्यात ‘बातमी’ दिसत नाही. शेजार असा हवा.

आणि घर? मुलीचं मन ओळखून बाकीच्यांना गप्प बसवणारी ती आई मला रहस्याच्या उलगड्यापेक्षा जास्त आवडली.