दार मोठं ठेवा, चाळणी बारीक ठेवा: पायलटच्या ट्रेनिंगमधून धंद्याचा धडा



व्हिडिओत आपण माणसं कामावर कशी घ्यायची ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा मुद्दा. तुम्ही म्हणाल, नंदुरबारमध्ये बसून पायलटचं काय घेऊन बसलात? सांगतो.

आपल्या शेजारी, धुळे जिल्ह्यात शिरपूरला विमान चालवायचं शिक्षण देणारी संस्था आहे. १६ जुलै २०२१ ला तिथलं एक ट्रेनिंगचं विमान जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, वर्डी गावाजवळ पडलं. शिकवणारे कॅप्टन गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. असा अपघात झाला की मागणी होते, "पायलट होण्याच्या अटी कडक करा." मागणी बरोबर आहे. पण कोणत्या अटी, हे आधी ठरवलं पाहिजे.

आज आपल्याकडे कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, मेडिकल लागतं, लेखी परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. खर्च पन्नास लाखांच्या आसपास, कधी त्याहून जास्त. आता सांगा, धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या हुशार पोराला कोण अडवतं? दर्जा नाही, पैसा अडवतो. फी ही अडचण आहे, तिला दर्जा समजू नका.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट लागली. पण गंमत बघा, त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास १५०० पेक्षा जास्तच होते! वेग कमी झाल्याची वॉर्निंग आली तेव्हा विमानाचं नाक खाली करायला हवं होतं. कॅप्टनने कंट्रोल उलट मागे ओढला. हाच कॅप्टन आधी काही चाचण्यांत नापास झालेला होता. म्हणजे तास भरले होते, पण ऐनवेळी हात चुकीकडे गेला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: आत यायचं दार मोठं ठेवा, बाहेर पडायची चाळणी बारीक ठेवा. गरीब घरच्या पोराला स्कॉलरशिप द्या, पण परीक्षेत एक गुणसुद्धा सवलत देऊ नका. आणि शिकवणाऱ्यालाही तपासा. डीजीसीएने २०२५ मध्ये फ्लाइंग स्कूलची क्रमवारी लावली, तेव्हा पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन वर्गांत एकही संस्था बसली नाही. विद्यार्थ्यावर अटी वाढवण्याआधी शाळेवर वाढवायला नकोत का?

आता तुमच्या धंद्याकडे या. समजा तुम्ही तळोद्यात सोलर पंप फिटिंगचं काम सुरू केलंत. आठवी पास पोरगा आला, हात चांगला आहे. मार्कशीट बघून त्याला परत पाठवू नका. पण तीन गोष्टी करा.

१. तुमच्या डोळ्यांसमोर दहा फिटिंग बिनचूक झाल्याशिवाय त्याला गिऱ्हाइकाकडे एकटं पाठवू नका.

२. फक्त नेहमीचं काम शिकवू नका, बिघडलेलं काम शिकवा. वायर तापली, अर्थिंग सुटलं, तर पहिला हात कुठे जायला हवा?

३. चूक वहीत लिहा आणि पुन्हा तपासा. एअरलाइनच्या पायलटची दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा होते, मग वीस वर्षांचा अनुभव असला तरी. आपला कारागीर एकदा शिकला की आपण आयुष्यभर विचारतच नाही!

"सर, एवढं ट्रेनिंग परवडत नाही," असं कोणी म्हणेल. पहिले दोन-तीन महिने खरंच जड जातात, हे मान्य. पण शेतात ओल्या जमिनीवर उभा असलेला शेतकरी तुमच्या फिटिंगवर विश्वास ठेवून बटण दाबतो. विमानातला प्रवासीसुद्धा असाच डोळे मिटून बसलेला असतो. दोघांनाही आतलं काम तपासता येत नाही. ते तपासायची जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची.

तुमच्या धंद्यात नवीन माणसाची चाळणी कोणती, ते कमेंटमध्ये लिहा. नसेल, तर आज रात्री वही घ्या आणि पहिली तपासणी लिहून काढा.