धोक्याचे दोन अर्थ : इराणचा अणुप्रश्न

मराठीत 'धोका' म्हणजे संकटाची शक्यता. घाटात 'पुढे धोका आहे' अशी पाटी दिसली, की दरड किंवा अवघड वळण एवढाच बोध आपण घेतो. पण 'त्याने धोका दिला' असे म्हटले की त्याच शब्दाला दग्याचा, फसवणुकीचा अर्थ येतो. हिंदीत तर हाच अर्थ मुख्य आहे. इराणच्या अणुकार्यक्रमाविषयी २००२ पासून जे लिहिले-बोलले जाते त्यात हा शब्द सतत येतो, पण बोलणाऱ्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे क्वचितच स्पष्ट होते. या प्रश्नात दुसरा अर्थ पहिल्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे. युरेनियम धोकादायक आहेच. परंतु ते नजरेआड गेले की धोक्याचे स्वरूप बदलते. म्हणून कोणताही उपाय जोखताना पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे, की या उपायाने आपल्याला अधिक दिसू लागले की कमी?

जून २०२५ मध्ये इस्रायलने आणि पाठोपाठ अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले, तेव्हा आमच्या प्राध्यापक-कक्षात अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एक सहकारी म्हणाले, "एकदाचे फोडले, बरे झाले." दुसऱ्यांनी विचारले, "ज्यांच्याकडे हजारो बॉम्ब आहेत त्यांनी इतरांना शहाणपण कशाला शिकवावे?" दोघेही वाचणारे, विचार करणारे. तरीही दोघांच्या बोलण्यात मला एक समान उणीव जाणवली. प्रत्यक्ष वस्तुस्थिती काय आहे, हे जाणून घेण्याची निकड दोघांनाही वाटत नव्हती. एकाची भूमिका इस्रायलविषयीच्या आदरातून आली होती, दुसऱ्याची अमेरिकेविषयीच्या रागातून. इराण त्या चर्चेत फक्त निमित्तापुरता होता.

वस्तुस्थिती समजायला फार विज्ञान लागत नाही. धान्य पाखडणे आपल्याला ठाऊक आहे. युरेनियमचे समृद्धीकरण हे जवळजवळ तसेच काम आहे. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियमचे हजार अणू घेतले, तर त्यांत विखंडनाला उपयोगी असे युरेनियम-२३५ चे अणू जेमतेम सात असतात. बाकीचा कोंडा. वीजनिर्मितीसाठी साधारण चार टक्के शुद्धता पुरते. ती गाठायची तर हजारांतले सव्वाआठशे नको असलेले अणू बाजूला काढावे लागतात. वीस टक्क्यांसाठी आणखी एकशेचाळीस, साठ टक्क्यांसाठी त्यापुढे तेवीस, आणि बॉम्बला लागणाऱ्या नव्वद टक्क्यांसाठी केवळ चार. म्हणजे साठावरून नव्वदावर जाणे आकड्यात लांब दिसत असले, तरी पाखडण्याचे बहुतेक काम तोवर उरकलेले असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार १३ जून २०२५ रोजी इराणकडे साठ टक्के शुद्धतेचे सुमारे ४४१ किलो युरेनियम होते. याच संस्थेच्या मापाने असे सुमारे ४२ किलो युरेनियम आणखी शुद्ध केल्यास एका बॉम्बला पुरते. हिशेब ज्याने त्याने करावा. अर्थात साठा म्हणजे बॉम्ब नव्हे. त्याचा धातू बनवणे, स्फोटाची रचना करणे, तो क्षेपणास्त्रावर बसवणे या पुढच्या पायऱ्या आहेत. पण अण्वस्त्रे नसलेल्या दुसऱ्या कोणत्याही देशाने या शुद्धतेचे युरेनियम बनवलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

हे युरेनियम विजेसाठी आहे, हा इराणचा युक्तिवाद म्हणूनच पटत नाही. बुशेहर येथील अणुवीज केंद्र २०११ पासून वीज देऊ लागले. त्याचे इंधन रशियाने पुरवायचे आणि वापरलेले इंधन परत न्यायचे, असा करार २००५ मध्येच झाला होता. त्या केंद्राला इराणने स्वतः समृद्ध केलेल्या युरेनियमची गरजच नव्हती. शिवाय लपवाछपवीचा इतिहास आहे. नतांझ आणि अराक येथील कामे २००२ मध्ये जगाला कळली ती इराणने सांगितल्यामुळे नव्हे, तर परदेशातील इराणी विरोधकांनी उघड केल्यामुळे. कोमजवळ डोंगराच्या पोटात खोदलेले फोर्दो २००९ मध्ये उजेडात आले. २००३ पूर्वी अणुस्फोटक बनवण्याच्या दिशेने संघटित प्रयत्न झाले होते, असा निष्कर्ष अणुऊर्जा संस्थेने डिसेंबर २०१५ मध्ये नोंदवला. अण्वस्त्रे धर्माला निषिद्ध असल्याच्या फतव्याचा हवाला इराणने २००५ मध्ये दिला होता. फतव्यावर श्रद्धा ठेवणे हा भाविकाचा अधिकार आहे. निरीक्षकाने मात्र कुलूप उघडून पाहायचे असते.

एवढे म्हटल्यावर इराणच्या बाजूचा इतिहासही वाचलाच पाहिजे, कारण भय समजल्याशिवाय धोका समजत नाही. तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोसद्देक यांना १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्या गुप्त मदतीने पदच्युत करण्यात आले. गंमत अशी, की इराणला पहिली संशोधन-अणुभट्टी १९६७ मध्ये दिली तीही अमेरिकेनेच. १९८० ते १९८८ च्या युद्धात इराकने इराणवर रासायनिक अस्त्रे वापरली. जून १९८७ मध्ये सरदश्त या गावातील नागरी वस्तीवर विषारी वायूचे बॉम्ब पडले, आणि जगाने फारसा आवाज केला नाही. पुढे लिबियाने २००३ मध्ये अणुकार्यक्रम सोडून दिला आणि २०११ मध्ये गद्दाफींची राजवट बाहेरच्या विमानांच्या साहाय्याने कोसळली. उत्तर कोरियाने २००३ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करार सोडला, २००६ मध्ये चाचणी केली, आणि त्याच्यावर कोणी चालून गेले नाही. तेहरानमधील सत्ताधाऱ्यांनी यातून कोणता धडा घेतला असेल, हे कळायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

त्या करारातले चौथे कलम साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा तरी वाचावे. शांततामय कामासाठी अणुऊर्जा विकसित करण्याचा हक्क कोणाकडूनही हिरावता येणार नाही असा आहे, असे ते म्हणते. आणि लगेच पहिल्या व दुसऱ्या कलमांशी सुसंगत राहण्याची अट घालते. दुसरे कलम अण्वस्त्रे न बनवण्याचे वचन घेते. 'समृद्धीकरण' हा शब्द संपूर्ण करारात कोठेही नाही. इराण हक्काचा अर्धा भाग मोठ्याने वाचतो, अमेरिका अटीचा अर्धा भाग मोठ्याने वाचते. संहितेने सोडलेल्या मोकळ्या जागेत वाचक आपापला अर्थ भरतो, हे आपण वर्गात शिकवतो. येथे ती मोकळी जागा सेंट्रिफ्यूज यंत्रांनी भरली गेली.

या विषयावर वर्गात बोलत असताना एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "मॅडम, त्यांच्याकडे आहेत तर यांच्याकडे का नकोत?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. नऊ देशांकडे अण्वस्त्रे आहेत. त्यांतल्या इस्रायलने ती असल्याचे कधी मान्य केले नाही आणि नाकारलेही नाही. प्रसारबंदी कराराच्या सहाव्या कलमाने निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींचे वचन बड्या राष्ट्रांकडून घेतले होते. ते पाळले गेले असे कोणी म्हणणार नाही. अन्याय आहे, हे मान्य. पण त्यावर दहावा देश हे उत्तर होत नाही, कारण तो शेवटचा असणार नाही. इराणने बॉम्ब केला तर आम्हीही शक्य तितक्या लवकर करू, असे सौदी अरेबियाच्या युवराजांनी २०१८ मध्ये सांगून ठेवले होते. आणि बॉम्ब असतो कोणाच्या हाती? सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या मुलींवर ज्या राजवटीने गोळ्या झाडल्या, त्या राजवटीला अण्वस्त्रांचे कवच मिळणे ही त्या मुलींसाठी सुरक्षितता नव्हती.

मग हल्ला हा उपाय आहे का? इतिहासात याची परीक्षा आधीही झाली आहे. इराकच्या ओसिराक अणुभट्टीवर सप्टेंबर १९८० मध्ये पहिला हल्ला केला तो इराणच्याच विमानांनी. जून १९८१ मध्ये इस्रायलने ती उद्ध्वस्त केली. त्यानंतर इराकने युरेनियम समृद्ध करण्याचे काम गुप्तपणे वाढवले. ते शोधून मोडून काढले १९९१ नंतर देशात शिरलेल्या निरीक्षकांनी. जून २०२५ मधील बारा दिवसांच्या युद्धात फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथे मोठी हानी झाली. इराणमध्ये शेकडो, तर इस्रायलमध्ये दोन डझनांहून अधिक माणसे मेली. कारखान्यांची हानी उपग्रहांना दिसली. पण २ जुलैला इराणने अणुऊर्जा संस्थेशी सहकार्य थांबवण्याचा कायदा लागू केला, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात त्या संस्थेला लिहावे लागले, की समृद्ध युरेनियमच्या साठ्याची पडताळणी आपल्याला करता आलेली नाही. हल्ल्याच्या दिवसापर्यंत किलोच्या दशांशात सांगता येणारा आकडा त्यानंतर अंदाजावर आला. यंत्रे मोडली हे खरे. पण त्याबरोबर हिशेबाची वहीही गेली. जो वायुरूप साठा सिलिंडरांत भरून मालमोटारीतून हलवता येतो, त्याच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट नव्हे.

याच्या शेजारी १४ जुलै २०१५ चा व्हिएन्ना करार ठेवून पाहावा. समृद्धीकरणाची मर्यादा ३.६७ टक्के, साठा ३०० किलो, नतांझमध्ये दहा वर्षे ५,०६० सेंट्रिफ्यूज, अराकच्या भट्टीचा गाभा काँक्रीटने भरलेला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे अकरा टन समृद्ध युरेनियम जहाजाने रशियाला रवाना. करार निर्दोष नव्हता. काही बंधने दहा-पंधरा वर्षांत संपणार होती; क्षेपणास्त्रांचा त्यात समावेश नव्हता. परंतु इराण अटी पाळत आहे असे निरीक्षक वारंवार नोंदवत असताना अमेरिकेने ८ मे २०१८ रोजी तो सोडला. जुलै २०१९ पासून इराणने मर्यादा ओलांडायला सुरुवात केली, एप्रिल २०२१ मध्ये साठ टक्के गाठले, जून २०२२ मध्ये निरीक्षकांचे सत्तावीस कॅमेरे काढून टाकले. बॉम्बने जे साधले नाही ते कागदाने काही वर्षे साधले होते. आणि तो कागद प्रथम फाडला तो ज्यांना इराणच्या शब्दावर विश्वास नव्हता त्यांनी.

येथे माझ्या पहिल्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला ऐकू येतो : जो देश लपवतो त्याच्याशी करार कसला? पण करार विश्वासावर चालत असता तर निरीक्षकांची गरजच पडली नसती. विश्वास नाही म्हणूनच कॅमेरे, मोहोरा आणि अचानक तपासणी. तेव्हा धोका रोखायचा तर क्रम असा असावा असे मला वाटते. प्रथम त्या ४४१ किलोंचा हिशेब लागला पाहिजे, मग तो साठा देशाबाहेर नेणे किंवा पातळ करणे. त्यानंतर समृद्धीकरणावर कडक मर्यादा, आणि बुशेहरप्रमाणे बाहेरून इंधनाची हमी. निर्बंध ठेवावेत, पण ते कोणत्या कृतीनंतर उठतील हे स्पष्ट लिहून. केवळ शिक्षा म्हणून ठेवलेले निर्बंध सत्ताधाऱ्यांपेक्षा औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला अधिक बोचतात. आणि शेवटी, अटी पाळत असेपर्यंत हल्ला होणार नाही, हे वचन. ते न देता इराणने निःशंक व्हावे अशी अपेक्षा करणे म्हणजे सरदश्त विसरायला सांगणे होय.

या सगळ्यात आपण, भारतीय, कोठे उभे आहोत? आपण १९७४ आणि १९९८ मध्ये चाचण्या केल्या, प्रसारबंदी करारावर सही केली नाही. आणि सप्टेंबर २००५ तसेच फेब्रुवारी २००६ मध्ये अणुऊर्जा संस्थेच्या मंडळात इराणच्या विरोधात मतही दिले. त्या मतावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. ते मत तत्त्वाचे होते की अमेरिकेशी नुकत्याच ठरलेल्या अणुसहकार्याची किंमत होती, याचे उत्तर प्रत्येकजण आपापल्या कलाप्रमाणे देईल. सहीच न करणे आणि सही करून लपवणे यांत कायद्याचा फरक आहे, आणि तो मी मानते. पण त्या विद्यार्थिनीला उत्तर देताना तेवढा फरक सांगून माझे समाधान झाले नाही. आपल्याकडे अण्वस्त्रे असताना दुसऱ्याला ती नकोत असे म्हणायचे, तर आपल्याकडच्यांविषयीही अवघडलेपण बाळगावे लागते. ते अवघडलेपण लपवू नये, एवढे मी तिला सांगितले.

आमच्या कक्षातले दोन तट अजून मिटलेले नाहीत. मी फक्त दोन्ही सहकाऱ्यांना एक विनंती केली आहे. यापुढे 'अणुकेंद्र नष्ट' अशी बातमी आली, किंवा 'आमचा कार्यक्रम संपूर्ण शांततामय' असे निवेदन आले, तर टाळी वाजवण्यापूर्वी एवढेच विचारावे : साठा मोजला कोणी?