माणसाच्या बदल्यात ससा

आमच्या गावच्या बाजारात बैलाच्या बदल्यात बैल देताना मी लहानपणापासून पाहत आले आहे. एक बैल थोडा थकलेला असला तर वर काही रुपये टाकतात, रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो आणि दावी बदलतात. बैलाला कोणी विचारत नाही. पण एका माणसाच्या बदल्यात ससा दिला, आणि तोही खराखुरा नव्हे, चित्रातला, असे मध्यंतरी वाचनात आले तेव्हा मी मोठ्याने हसले. ग्रंथालयात बसले होते. ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. नंतर मात्र ते हसू ओसरले. का ओसरले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

गोष्ट अमेरिकेतील आहे. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यातला चेंडू लांबट असतो आणि पायापेक्षा हाताचेच काम अधिक. हे सामने दाखवण्याचे हक्क वाहिन्या प्रचंड रकमा मोजून विकत घेतात. पण खेळ तोच, नियम तेच, संघही आलटून-पालटून तेच. मग एका वाहिनीने दुसरीहून वेगळे दिसायचे कसे? तर धावते वर्णन करणाऱ्याच्या आवाजाने! म्हणून नामवंत समालोचकांशी अनेक वर्षांचे करार होतात. त्या मुदतीत दुसऱ्या वाहिनीवर बोलायचे नाही, अशी अट त्यांत असते. भांडणे होतात ती बहुधा या अटीवरून.

कोणी म्हणेल, आवाजाचे एवढे काय मोठे? प्रेक्षकांना डोळे आहेत ना? एनबीसी या वाहिनीने हेही करून पाहिले. २० डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्क जेट्स आणि मायामी डॉल्फिन्स यांचा सामना तिने समालोचकाविना दाखवला. मैदानातला गलका आणि पडद्यावरची अक्षरे, बस्स. जेट्सनी तो २४-१७ असा जिंकला. प्रयोगाची चर्चा पुष्कळ झाली, पण ती रीत पुढे रुजली नाही. आवाज हवा असतो. आणि जी वस्तू हवी असते, तिच्यावर मालकी सांगायला माणसे पुढे येतातच.

आता सशाकडे वळू. ॲल मायकल्स हे अमेरिकेतील अत्यंत गाजलेले समालोचक. एबीसी वाहिनीवरच्या सोमवार रात्रीच्या फुटबॉलचे वर्णन ते १९८६ पासून वीस हंगाम करीत होते. २००६ पासून हा कार्यक्रम ईएसपीएन वाहिनीकडे जायचा होता. दोन्ही वाहिन्या डिस्ने कंपनीच्याच. ईएसपीएनवर हेच काम पुढे चालवण्याचा करार मायकल्स यांनी २००५ मध्ये केलाही. पण त्यांचे जोडीदार जॉन मॅडन हे एनबीसीकडे गेले, रविवार रात्रीच्या सामन्यांसाठी. मायकल्स यांचे मन तिकडे ओढ घेऊ लागले. सही तर झालेली! तेव्हा त्यांनी 'मला मोकळे करा' अशी विनंती केली.

डिस्नेने नकार दिला नाही, पण फुकट सोडलेही नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये सौदा झाला. मायकल्स एनबीसीकडे गेले. बदल्यात डिस्नेच्या पदरात रायडर कप या गोल्फ स्पर्धेच्या शुक्रवारच्या खेळाच्या प्रक्षेपणाचे हक्क, ऑलिंपिकमधील क्षणचित्रे अधिक प्रमाणात वापरण्याची मुभा आणि अशाच काही गोष्टी पडल्या. आणि पडला ऑस्वाल्ड नावाचा ससा. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार होता की कोहळा देऊन आवळा, हे कोणी सांगावे!

या सशाची कूळकथा मात्र हसण्यासारखी नाही. १९२७ मध्ये वॉल्ट डिस्ने आणि त्यांचे सहकारी अब आयवर्क्स यांनी तो निर्माण केला. चित्रपट युनिव्हर्सल कंपनीसाठी होते, मधला व्यवहार चार्ल्स मिंट्झ नावाच्या निर्मात्यामार्फत. ससा लोकप्रिय झाला. १९२८ च्या सुरुवातीला डिस्ने थोडे अधिक पैसे मागायला न्यूयॉर्कला गेले, तर मिंट्झ यांनी उलट कमी पैसे देऊ केले. शिवाय कळले ते असे, की बहुतेक चित्रकार मिंट्झ यांनी आधीच आपल्याकडे बांधून घेतले आहेत, आणि ससा कागदोपत्री डिस्ने यांचा नाहीच. तो युनिव्हर्सलचा आहे. ज्याच्या बोटांतून ससा उतरला त्याच्या हाती काही उरले नाही. तेव्हा डिस्ने होते सव्वीस वर्षांचे, म्हणजे आमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठे. त्यातून त्यांनी मिकी माउस उभा केला, हे सर्वांना ठाऊक आहे. ससा परत यायला मात्र अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली. तोवर एनबीसी आणि युनिव्हर्सल एक झाल्या होत्या, म्हणून एका समालोचकाच्या निमित्ताने तो घरी आला.

एकाच सौद्यात दोन करार समोर येतात. सशाचा करार सव्वीस वर्षांच्या तरुणाला सोडवता आला नाही. २००५ चा करार मायकल्स यांना सोडवता आला. कागद दोन्हीकडे पक्के होते. फरक कागदात नव्हता. गाठ सोडवण्याची ताकद कोणाच्या हाती होती, त्यात होता. २०२२ मध्ये हेच पुन्हा दिसले. जो बक हे समालोचक फॉक्स वाहिनीशी करार शिल्लक असतानाच ईएसपीएनकडे गेले, आणि फॉक्सला बदल्यात एका विद्यापीठीय सामन्याच्या प्रक्षेपणाचा हक्क मिळाला.

पण सगळ्यांनाच असा सन्मानाचा सौदा मिळत नाही. मग प्रकरण न्यायालयात जाते. या वादांची एक जुनी मुळी लंडनमध्ये आहे, आणि तीही आवाजाचीच. योहाना वाग्नर या गायिकेने एका नाट्यगृहात तीन महिने गाण्याचा आणि त्या काळात दुसरीकडे न गाण्याचा करार केला होता. दुसऱ्या नाट्यगृहाने अधिक पैसे देऊ केले. १८५२ मध्ये निकाल लागला, तो असा, की तिला गायला भाग पाडणे न्यायालयाच्या हाती नाही, पण दुसरीकडे गाण्यास मनाई करता येते. म्हणजे गळा तिचा, पण त्या तीन महिन्यांपुरते त्याचे कुलूप दुसऱ्याच्या हाती!

पुढे १९८१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयापुढे वॉर्नर वुल्फ यांचा खटला आला. ते एबीसीवर खेळांच्या बातम्या सांगत. करार संपण्याआधी एबीसीशी प्रामाणिकपणे बोलणी करण्याचे त्यांच्यावर बंधन होते. त्यांनी मात्र आतल्या आत सीबीएस वाहिनीशी जमवून टाकले. न्यायालयाने म्हटले, वुल्फ यांनी ते बंधन मोडले खरे; पण मूळ करार आता संपलेला आहे, म्हणून त्यांना सीबीएसवर काम करण्यापासून रोखता येणार नाही. नुकसान झाले असेल तर एबीसीने भरपाई मागावी. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. चूक केली तर दंड भरावा, पण त्यासाठी माणसाची भाकरी बंद करू नये.

आपल्याकडे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ हेच सांगते: कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. ऐकायला छान वाटते. पण १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका कारखान्यातील शिफ्ट सुपरवायझरच्या बाबतीत दिलेला निकाल पाहा. त्याने पाच वर्षांचा करार केला होता. दोन वर्षे पुरी होण्याआधीच तो कोट्याच्या तशाच कारखान्यात अधिक पगारावर गेला. न्यायालयाने ठरवले, की नोकरीच्या मुदतीपुरते असे बंधन कलम २७ च्या आड येत नाही. त्या मुदतीत त्याने दुसरीकडे तसले काम करू नये. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. कारखान्याने त्याला शिकवले, गुपिते दाखवली, हे मान्य. तरी मनात येतेच, की कल्याणच्या त्या माणसासाठी ससा देणारा कोणी नव्हता.

एकट्याची किंमत नसेल तर मग उपाय काय? त्याचे एक उत्तर इंग्लंडमध्ये मिळाले, आणि तेही फुटबॉलमध्ये. या वेळी आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये. मार्च २०२३ मध्ये बीबीसीने गॅरी लिनेकर यांना शनिवारच्या कार्यक्रमातून बाजूला केले. ते पगारी नोकर नव्हते, करारावर काम करीत. तरी सरकारच्या निर्वासितविषयक धोरणावर समाजमाध्यमात टीका केल्यामुळे निःपक्षपातीपणाचे नियम मोडले, असे बीबीसीचे म्हणणे. तेव्हा त्यांचे सहकारी विश्लेषक आणि समालोचक म्हणाले, आम्हीही येत नाही. ११ मार्चचा तो कार्यक्रम निवेदकाविना, समालोचनाविना केवळ वीस मिनिटांचा झाला. दोनच दिवसांत समेट जाहीर झाला आणि लिनेकर परतले. एनबीसीने १९८० मध्ये शांतता स्वतः होऊन निवडली होती. बीबीसीवर ती लादली गेली.

कोणी म्हणेल, कोट्यवधी मिळवणाऱ्या समालोचकांच्या भांडणांत आपण का रडावे? खरे आहे, रडू नये. मायकल्स यांच्यावर कोणताही अन्याय झाला नाही. त्यांनीच सुटका मागितली, आणि ती मिळाली. मी हसायची थांबले ती त्यांच्यासाठी नव्हे.

माझे वडील ऊसतोड कामगार आहेत. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात, आणि अण्णा-आई मिळून एक कोयता धरला जातो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर जाते. मी नववीत होते त्या वर्षी आमची बाकी दुसऱ्याच एका मुकादमाने चुकती केली. आम्हांला ते कळले गाडी दारात आल्यावर. नेहमीचा कारखाना नाही, नेहमीचे शेजारी नाहीत, जिल्हाही दुसरा. अण्णा गाडीत चढताना एवढेच म्हणाले, "आपल्याला कुणी इचारलं?" आमच्याही बदल्यात काहीतरी दिले-घेतले गेले होते. मायकल्स यांना आपल्या बदल्यात ससा गेला हे निदान ठाऊक होते. आमच्या बदल्यात किती गेले, ते आम्हांला आजवर माहीत नाही.

करार वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. शब्द दिला तर पाळावा, हे अण्णांनीच मला शिकवले. घेतलेली उचल बुडवून ते कधी पळाले नाहीत. पण करार माणसाचा वेळ बांधतो, माणूस बांधत नाही. म्हणून चार गोष्टी कागदावर असल्याच पाहिजेत, असे माझे मत आहे. काम कधी संपणार. संपल्यावर मी मोकळी की नाही. मला न विचारता दुसऱ्याकडे सोपवता येईल का. आणि कागदाची एक प्रत माझ्या हाती. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर ती उचल असो की टीव्हीचा करार, तो बाजारातला रुमालच.

मित्रमैत्रिणींनो, आपणही लवकरच कुठेतरी सही करणार आहोत. कोणी कंपनीत बाँड लिहून देईल, कोणी तासिका तत्त्वावर शिकवायला लागेल. आमच्या प्राध्यापकांपैकी काहींना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तेव्हा सहीची घाई करू नका, आणि एकटे असाल तर शेजारच्यालाही त्याचा कागद विचारा.

यंदाच्या हंगामाआधी मुकादम घरी आले, तेव्हा मी कागद मागितला. कागद नव्हता, वहीतले एक पान होते. मी त्यावर दोन ओळी वाढवल्या. पहिली, हंगाम संपला की हिशेब समोर बसून करायचा. दुसरी, आम्हांला विचारल्याशिवाय बाकी दुसऱ्याकडे द्यायची नाही. मुकादमांनी ते पान दोनदा वाचले. "कालेजात हेच शिकवतात व्हय?" असे म्हणून ते हसले, आणि पहिल्या ओळीखाली सही केली.

दुसऱ्या ओळीखाली अजून केलेली नाही. अण्णा म्हणतात, जाऊ दे. मी ते पान जपून ठेवले आहे.