जुळी बाळे आणि आईचे वजन

सोनोग्राफीत जुळे आहे असे कळले की घरात सल्ल्यांना ऊत येतो. कुणी म्हणते, जोडकेळे खाल्ले म्हणून जुळे राहिले. कुणी म्हणते, कमी खा, बाळे लहान राहिली तर बाळंतपण सोपे जाईल. भगिनींनो, जोडकेळ्याचा आणि जुळ्यांचा काही संबंध नाही. दुसरा सल्ला मात्र घातक आहे, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

जुळ्यांची अर्ध्याहून अधिक बाळंतपणे ३७ आठवडे भरण्याआधीच होतात. बाळांना पोटात वाढायला दिवस कमी मिळतात. आई मुळातच अशक्त असेल आणि पहिल्या पाच महिन्यांत तिचे वजन नीट वाढले नाही, तर बाळे अपुऱ्या दिवसांची व अडीच किलोपेक्षा हलकी जन्मण्याचा धोका वाढतो. शेवटच्या महिन्यात लाडू चारून ही तूट भरत नाही.

आई आधीच स्थूल असेल तर गरोदरपणातील मधुमेह, वाढता रक्तदाब आणि सिझेरियन यांचा धोका वाढतो. म्हणून तिने उपाशी राहू नये. गोड व तळलेले कमी करावे, साखर तपासून घ्यावी.

वजन किती वाढावे? अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली जुळ्यांसाठी आकडे दिले. दिवस जाण्यापूर्वी वजन योग्य असेल तर १७ ते २५ किलो, जास्त असेल तर १४ ते २३, स्थूल असेल तर ११ ते १९ किलो. या मापाने दीडशे सेंटीमीटर उंचीच्या बाईचे ४२ ते ५६ किलो वजन योग्य ठरते. हे आकडे तिकडच्या स्त्रियांवरून काढलेले आहेत; तुमचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

महागडी पावडर लागत नाही. भाकरी, डाळ, मोडाची उसळ, अंडी, मासळी, पालेभाजी, शेंगदाणे थोडेथोडे करून दिवसातून पाच-सहा वेळा खावे. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तिथे वजन करून कार्डावर लिहून घ्यावे. वजन एकाएकी वाढले, तोंडावर सूज आली, डोके फार दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या घरांत सून सर्वांची जेवणे उरकल्यावर, उरलेसुरले खाते. सासूबाईंना आणि घरातील पुरुषांना आमचे सांगणे आहे, हे नऊ महिने तरी तिचे ताट पहिले वाढा.