मनोरुग्णांच्या सिस्टरने फिरतीवर का जावे?

गेल्या महिन्यात अकोल्याहून एका मुलीचा फोन आला. 'जय भीम ताई' म्हणाली आणि लगेच मुद्द्यावर आली. जीएनएम झालेली, मनोविकार वॉर्डात दीड वर्ष काम केलेली. मोबाइलवर ती अमेरिकेतल्या 'ट्रॅव्हल नर्स'चे व्हिडिओ पाहते. १३ आठवडे एका शहरात, पुढचे १३ दुसऱ्या शहरात, आणि पगार आपल्याला मोजता येणार नाही एवढा. 'आपल्याकडं असं काई असते का ताई? का बाहेरच जा लागते?'

बाहेर जाऊ नको असे मी तिला म्हटले नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले म्हणून आपण आज इथे आहोत. आपल्या मुलीने अमेरिकेची एनसीएलईएक्स परीक्षा दिली, किंवा जर्मन शिकून तिकडे गेली, तर मला आनंदच आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्या वस्त्यांमध्येही जर्मन भाषेच्या क्लासची चर्चा आहे. पण तिच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर 'हो' असे आहे, आणि ते आपल्या मुलींना कोणी सांगत नाही. आपल्याकडे फिरती नर्स आहे. ती जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या गाडीत बसून धारणीला, दर्यापूरला, तेल्हाऱ्याला जाते. तिला ट्रॅव्हल नर्स म्हणत नाहीत. नातेवाईक तिला 'पागलायची नर्स' म्हणतात आणि लग्नाच्या बोलणीत तिच्या नोकरीचा विषय हळूच टाळतात.

माझे मत असे की मनोविकार वॉर्डाचा अनुभव असलेल्या मुलीने हे काम कमी प्रतीचे समजू नये. हेच तिचे मुख्य काम आहे. वॉर्डातले काम ही त्याची तयारी.

आधी भाषेचे पाहा. सर्जरीच्या वॉर्डात परक्या भाषेचा पेशंट हाताच्या खुणांनी सांभाळता येतो. ड्रेसिंग करता येते, सलाइन लावता येते. मनाच्या आजारात बोलणे हेच तपासणीचे साधन असते. आपल्या भागातली बाई 'मी उदास आहे' असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, 'मले काईच गोड लागत नाई', 'जीव घाबरा होते', 'डोक्शात भनभन करते'. पुण्यामुंबईहून आलेला डॉक्टर हे ऐकून बीपी तपासतो आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो. आपली मुलगी ऐकते आणि पुढचा प्रश्न विचारते, 'झोप कवापासून नाई माय?' तिची वऱ्हाडी ही तिच्या डिप्लोमाइतकीच मोलाची आहे. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात याच वऱ्हाडीला हसतात.

दुसरे, आजार वॉर्डात येत नाही. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्याला जवळचे नागपूर. धारणीच्या माणसाने अमरावतीला यायचे म्हटले तरी दीडशेच्या आसपास किलोमीटर, परतवाडा आणि सेमाडोहचा घाट. एका दिवसाची मजुरी बुडते, बरोबर येणाऱ्याचीही बुडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजाराप्रमाणे कमीजास्त, पण दर १०० रुग्णांमागे ७० ते ९२ जणांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. आता आपल्या जिल्ह्याचे उदाहरण. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घराघरांत नेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते १८ महिन्यांनी २७.२ टक्के झाले. 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या मासिकात २०१७ साली हे छापून आले. गावात नवे हॉस्पिटल बांधले नव्हते. कोणीतरी दारापर्यंत गेले होते, एवढाच फरक. पण प्रकल्पाला मुदत असते, आजाराला नसते. मुदत संपल्यावर तीच दारे कोणी ठोठवायची? ती सरकारी फिरतीच्या नर्सने.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते, कारण नुसत्या मोठेपणाच्या गप्पांनी कोणाचे भागत नाही.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. नूतनीकरण राहून गेले म्हणून मुलाखतीतून परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर मनोविकार नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मनोविकार नर्सिंगचा डिप्लोमा होतो, रांचीलाही होतो. जमल्यास करा. नाही जमले तरी भरलेल्या वॉर्डात दोन वर्षे काढल्याशिवाय फिरतीवर जाऊ नका, असे माझे ठाम मत आहे. दीड वर्ष झालेल्या त्या मुलीलाही मी सहा महिने थांबायला सांगितले. वॉर्डात चूक झाली तर हाक मारायला डॉक्टर असतो. गावात तुम्ही असता आणि आशाताई असते. इंजेक्शननंतर पेशंटची मान वाकडी होऊन ताठली, डोळे वर गेले, तर तो औषधाचा दुष्परिणाम आहे आणि त्यावर लगेच उपचार आहे, हे तुम्हाला पाहूनच माहीत असले पाहिजे. गावकरी तोवर 'अंगात आलं' म्हणून मोकळे झालेले असतात. पेशंट एका जागी बसू शकत नाही, येरझारा घालतो, ती अस्वस्थता आजाराची की औषधाची, हे ओळखायलाही वॉर्डच लागतो.

फिरतीवर सगळ्यात जास्त काम असते ते लांब मुदतीच्या इंजेक्शनांचे. फ्लुफेनाझिन डेकानोएट दोन ते चार आठवड्यांनी, हॅलोपेरिडॉल डेकानोएट साधारण चार आठवड्यांनी. यात एक फसवणूक आहे. इंजेक्शन चुकले तर त्या आठवड्यात काहीच होत नाही. पेशंट उलट ताजातवाना वाटतो, कारण जडपणा कमी होतो. घरचे म्हणतात, 'पाहा, सुईशिवाय चांगला झाला.' आणि मग काही आठवड्यांनी, कापूस वेचणीच्या ऐन धांदलीत, तो रात्री घर सोडून निघून जातो. एका तालुक्यात आमची गाडी दोन महिने गेली नव्हती. गाडीच्या कंत्राटाचे काहीतरी अडले होते. कोणत्या कार्यालयात, ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या महिन्यात गेलो तेव्हा चार वर्षे नीट संसार करणारी एक बाई गोठ्यात दोराने बांधलेली सापडली. बांधणारा तिचा भाऊ होता आणि तो रडत होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला साखळदंडात ठेवायला मनाई करतो. तो मी त्याला तेव्हा वाचून दाखवला नाही. आधी दोर सोडला, पाणी पाजले, डॉक्टरांना फोन लावला. त्या दोन महिन्यांचा हिशेब कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही.

आणि आपला उन्हाळा. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते, अकोल्यात ते जिवावर येते. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी होते आणि रक्तातली लिथियमची पातळी वाढते. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणे, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे, ही लक्षणे दिसली तर 'ऊन लागलं' म्हणून कांदा हुंगवत बसू नका. पुढची गोळी देण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला आणि रक्त तपासायला पाठवा. पाणी भरपूर, जेवणातले मीठ एकदम तोडायचे नाही. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने ही पातळी आणखी चढू शकते. क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांनी आणि सोबतच्या ट्रायहेक्सीफेनिडिलने घाम कमी येतो, शरीर तापते. अशा पेशंटला भर दुपारी रोजगार हमीच्या कामावर पाठवू नका, हे घरच्यांना मार्चमध्येच सांगायचे. मे महिन्यात सांगून उपयोग नाही.

घरात शिरतानाचीही एक रीत आहे. पहिल्या भेटीला एकटे जायचे नाही, आशाताई बरोबर हवी. बसायचे ते दाराजवळ, पण पेशंट आणि दार यांच्या मध्ये नाही. त्यालाही निघून जायची वाट दिसली पाहिजे. त्याच्या आईशी बोलण्याआधी त्याच्याशी बोलायचे.

मग आडनाव विचारले जाते. या मासिकाच्या वाचकांना मी ते उलगडून सांगायला नको. आडनाव कळले की काही घरांत पाण्याचा ग्लास बदलतो, काही घरांत चहा येतच नाही. तरुणपणी मला वाटायचे, उठून निघून जावे. पण कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या मुलाने माझी जात विचारलेली नसते, आणि त्या घरात, त्या गावात, तोही वाळीतच असतो. मी इंजेक्शन देते, तारीख लिहिते, चहा न घेता निघते. तालुक्याच्या बैठकीत मात्र हे नाव घेऊन सांगते, गिळून टाकत नाही. नव्या मुलींनीही गिळू नये.

आपल्या वस्त्यांमध्ये वेगळीच अडचण आहे. तिथे दार उघडते, चहा येतो, पण आजार लपवला जातो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि मुलीला 'बाहेरचं' झाले म्हणून गुपचूप कुठल्या तरी बाबाकडे नेलेले. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे होते, याचे वाईट वाटते. पण रागावून उपयोग नाही, दवाखाना दूर आणि बाबा जवळ असतो. थेरी पटाचारेची कथा आपल्या विहारात सांगितली जाते. नवरा, मुले, आईवडील एकापाठोपाठ गेले आणि ती भान हरपून, अंगावर वस्त्र नसलेली, रस्त्याने फिरत होती. लोक तिला हाकलत होते, तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तथागतांना रुग्णांविषयी वाटणाऱ्या काळजीवर वेगळे प्रकरण लिहिले आहे. वर्षावासात ते वाचताना आपण माना डोलावतो. तर मग महिन्यातून एक दिवस विहाराची खोली या तपासणीसाठी उघडी का नसावी? तिथे यायला लाज वाटणार नाही, आणि सिस्टरला बसायला सावली मिळेल.

घरातल्या कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला असेल तर पोलीस केस होईल या भीतीने लोक खरे सांगत नाहीत. कारण कळले नाही की उपचारही चुकतात. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ ठेवलेले नाही. हे प्रत्येक घरात सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, तो मोफत आहे, मराठीत बोलता येते. आणि एखादा माणूस वाचला नाही तर तो दिवस तुमच्याही अंगावर येईल. घरी जाऊन कोणाशी तरी बोला. आपण नर्स आहोत म्हणून आपल्याला झोप लागतेच असे नाही.

सरकारबद्दल बोलायचे तर, ११ महिन्यांच्या करारावर हे काम चालवणे चूक आहे. या आजारात पेशंट औषधावर नाही, माणसावर विश्वास ठेवून येतो. दर वर्षी माणूस बदलला तर तो येणे बंद करतो. जागा कायम केल्या पाहिजेत. तोवर सही करण्याआधी मुलींनी निदान चार प्रश्न विचारावेत: गाडी कोणाची आणि महिन्यात किती दिवस, प्रवासभत्ता किती आणि कधी, मुक्काम करावा लागला तर कुठे, आणि गावातून फोन केला तर कोणता डॉक्टर उचलणार. उत्तर लेखी मागा. उद्धट म्हणतील, म्हणू द्या.

फोनवर त्या मुलीने हे सगळे ऐकून घेतले. पगाराचे विचारले, मी खरे ते सांगितले, ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'ताई, धारणीकडं कोरकू बोलतात. मले तं येत नाई.' मी म्हटले, आशाताईला बरोबर घे आणि पहिल्या महिन्यात पाच शब्द शीक: झोप, भूक, भीती, आवाज, घर. ती म्हणाली, 'थांबा, लिहून घेते.'