साउथपोर्टची भिंत

2024च्या जुलै महिन्यात विलायतेहून महाराष्ट्रात दोन गोष्टी आल्या. 19 जुलै रोजी साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या मुदतीने उसनी आणलेली वाघनखे मांडण्यात आली. ती शिवरायांचीच आहेत अशी खात्री त्या संग्रहालयाने दिलेली नव्हती, हे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत उघडपणे सांगत होते. परंतु मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांना असल्या शंकांचे सोयरसुतक नसते. दुसरी गोष्ट दहा दिवसांनी आली. ती वस्तू नव्हती, वार्ता होती. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील साउथपोर्ट या गावी 29 जुलै रोजी लहान मुलींच्या नृत्यवर्गात शिरून एका तरुणाने तीन बालिकांची चाकूने हत्या केली आणि त्यानंतर आठवडाभर त्या देशातील अनेक गावे पेटली.

केजच्या किंवा गेवराईच्या बसस्थानकासमोरील हॉटेलात चहाच्या कपासोबत विलायतेची बातमी चघळली जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये ऐन दिवाळीत ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा 'भारताचा जावई' गादीवर बसल्याचा आनंद याच टेबलांवर साजरा झाला. जुलै 2024च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष धुऊन निघाला तेव्हा मात्र ब्रिटिश कामगारांनी, परिचारिकांनी, भाडेकरूंनी चौदा वर्षांच्या सत्तेला का नाकारले, याची चौकशी क्वचितच झाली. साहेबाच्या देशाची बातमी आपण अजूनही मानापमानाच्या हिशोबाने वाचतो. जावई जिंकला की अभिमान, साहेबाचे घर जळाले की समाधान! साउथपोर्टच्या दंगलीवर उमटलेल्या प्रतिक्रियाही याच जातीच्या होत्या. कुणी म्हणाले, दीडशे वर्षे जगाला शिस्त शिकवणाऱ्यांची ही दशा. कुणी म्हणाले, परक्यांना घरात घेतले, आता भोगा. हे दुसरे वाक्य उच्चारणाऱ्याचा भाऊ वा मेव्हणा पुण्याला, मुंबईला किंवा कोल्हापूरच्या उसाच्या फडात 'परका' म्हणूनच राबत असतो, ही गोष्ट त्या क्षणी त्याच्या ध्यानात येत नाही.

वस्तुतः साउथपोर्टमध्ये घडले ते बीडला अपरिचित नाही. हल्लेखोर अल्पवयीन असल्याने त्याचे नाव कायद्यानुसार प्रथम प्रसिद्ध झाले नाही. ती रिकामी जागा अफवेने भरून काढली. एक बनावट मुस्लिम नाव आणि 'गेल्या वर्षी होडीतून आलेला आश्रित' अशी ओळख काही तासांत लाखो लोकांपर्यंत पोहोचली. प्रत्यक्षात तो सतरा वर्षांचा मुलगा ब्रिटनमध्येच, कार्डिफला, जन्मलेला होता आणि त्याचे आईवडील रवांडाहून आलेले होते. 1 ऑगस्टला न्यायाधीशांनी नाव जाहीर करण्यास परवानगी दिली. परंतु तोवर साउथपोर्टच्या मशिदीवर दगडविटा पडून चुकल्या होत्या, आणि सत्य जाहीर झाल्यावरही दंगल थांबली नाही. 4 ऑगस्टला रॉदरहॅम व टॅमवर्थ येथे आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलांवर जमाव चालून गेला, आगी लावल्या गेल्या. ट्विटरचे मालक एलॉन मस्क यांनी त्याच दिवसांत यादवी युद्ध अटळ असल्याचे भाकीत आपल्याच व्यासपीठावर केले. दुकानदाराने स्वतःच गल्ल्यावरून उठून रस्त्यावर आग लागल्याची आरोळी ठोकावी, असाच तो प्रकार होता.

आता बीडकडे यावे. 30 ऑक्टोबर 2023 रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनासंबंधी आमदार प्रकाश सोळंके यांच्या बोलण्याची एक ध्वनिफीत मोबाइलवरून पसरली आणि माजलगावात त्यांचे घर पेटवण्यात आले. बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांच्या घराची तीच गत झाली. संचारबंदी आली, आणि तिच्या पाठोपाठ जिल्ह्याचे इंटरनेट बंद करण्यात आले. रोगी तापाने फणफणला म्हणून सबंध गावाचे पाणी तोडावे, अशी ही चिकित्सा आहे. तिची किंमत कोणी मोजली? 1 नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू व्हायचा होता. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघण्याच्या तयारीत होत्या. मुकादमाची उचल, गाडीचे भाडे, घरी ठेवलेल्या म्हाताऱ्यांसाठी धाडायचे पैसे हे सारे आज मोबाइलवरून चालते. रास्त भावाच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्रही त्याच तारेवर चालते. ध्वनिफीत पसरवणाऱ्याला दोन दिवसांची विश्रांती मिळाली, एवढेच.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र समजून घेतल्याखेरीज त्यावरची सगळी नैतिक प्रवचने व्यर्थ आहेत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यानंतर मोबाइलवरील इंटरनेट इतके स्वस्त झाले की गरिबालाही ते परवडू लागले. ही गोष्ट स्वागतार्हच. पण कमी दामात मिळणाऱ्या मालाचा खरा खरेदीदार दुसराच असतो. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे 2024 सालचे उत्पन्न सुमारे 164 अब्ज डॉलर होते आणि ते जवळजवळ सर्वच जाहिरातींतून आलेले होते. जाहिरातदाराला विकले जाते ते वाचणाऱ्याचे लक्ष. गिरणीला जसा कापूस, तसे या कारखान्याला लक्ष हवे. आणि राग हा लक्ष धरून ठेवण्याचा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. मेळ्याची, समेटाची बातमी वाचून माणूस मोबाइल खिशात ठेवतो. अपमानाची वाचली की तासभर बोटे चालवतो. या उत्पादनात परळीचा बेरोजगार पदवीधर आणि रॉदरहॅमचा बेकार झालेला पोलाद कामगाराचा मुलगा हे दोघेही बिनपगारी कामगार आहेत.

हा माल एकाच दिशेने वाहतो असेही नाही. सप्टेंबर 2022 मध्ये लेस्टर शहरात भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर हिंदू व मुस्लिम तरुणांमध्ये चकमकी झाल्या. मुलीच्या अपहरणाच्या प्रयत्नाची एक बातमी फिरली. ती खोटी असल्याचे पोलिसांना सांगावे लागले. बीबीसीने तपासलेल्या आणि ठिकाण कळू शकलेल्या इंग्रजी ट्वीटपैकी निम्म्याहून अधिक भारतातून आलेली होती. लेस्टरच्या गल्लीशी ज्यांचा संबंध नव्हता असे लोक येथे बसून तेथील शेजारी शेजाऱ्यांत काडी लावत होते! आणि अपहरणाच्या अफवेने काय होते हे महाराष्ट्राने त्याआधीच पाहिले होते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. ती माणसे मंगळवेढ्याकडची होती. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच भटक्यांचे प्राण गेल्यावर पाचाचा आकडा ठरला, हा योगायोग विदारक आहे.

ब्रिटिश शासनाने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. इंटरनेट बंद केले नाही. एक हजारांहून अधिक लोकांना अटक झाली आणि 7 ऑगस्टपर्यंत पहिल्या दंगलखोरांना शिक्षा ठोठावल्याही गेल्या. राईनपाड्याच्या खटल्यात सात जणांना जन्मठेप झाली ती फेब्रुवारी 2024 मध्ये, साडेपाच वर्षांनी. न्यायाच्या गतीतील ही तफावत शासनाला लाज आणणारी आहे. परंतु म्हणून विलायतेचा कायदा जसाच्या तसा उचलावा, असे कोणी सुचवल्यास समाजवाद्यांनी सावध राहिले पाहिजे. त्या दंगलीत आश्रितांची हॉटेले जाळण्यास चिथावणी देणाऱ्या एका मजकुराबद्दल एका स्त्रीला 31 महिन्यांची कैद झाली आणि त्या शिक्षेवर तेथे आजही कडाक्याचा वाद आहे. महाराष्ट्राचा अनुभव तर याहून कटू. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशीच्या बंदविषयी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन वाक्ये लिहिली, दुसरीने त्यास पसंती दर्शवली, आणि दोघींनाही अटक झाली. ज्या कलमाचा तेथे वापर झाला ते 66 अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले. आपल्याकडे असे हत्यार आधी दुबळ्यावर आणि टीकाकारावर चालते. चिथावणी देणारा बलाढ्य त्यातून अलगद सुटतो. ब्रिटनच्या 2023च्या कायद्यातील घेण्याजोगी बाजू वेगळी आहे: बेकायदा मजकुराबाबत कर्तव्य न पाळणाऱ्या कंपनीला तिच्या जागतिक उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करण्याची तरतूद. हात लिहिणाऱ्याच्या मनगटावर घालण्याआधी मालकाच्या तिजोरीवर घालावा, हे तत्त्व समाजवादी विचाराला मानवणारे आहे.

तथापि साउथपोर्टच्या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग शासनाचा नाहीच. मशिदीची भिंत पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले लोक झाडू घेऊन जमले आणि गवंड्यांनी मजुरी न घेता ती भिंत पुन्हा उभी केली. 7 ऑगस्टच्या संध्याकाळी दंगलखोर पुन्हा येणार अशी याद्यांसह हवा होती. लंडनच्या वॉल्थमस्टो भागात आणि इतर शहरांत हजारो सामान्य माणसे वंशद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि दंगलखोर बहुतेक ठिकाणी फिरकलेच नाहीत. 4 ऑक्टोबर 1936 रोजी केबल स्ट्रीटवर ज्यू शिंपी आणि आयरिश गोदी कामगार यांनी मोस्लेच्या फॅसिस्टांची वाट अडवली, त्याच परंपरेतली ही गोष्ट. हॉटेलातील टेबलावर जळत्या गाड्यांची चित्रे पोहोचली. गवंड्यांचे चित्र फारसे पोहोचले नाही.

बीडमध्येही असेच होते. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून निर्घृण हत्या झाली. आरोपपत्रानुसार मुळाशी पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी होती. मार्च 2025 मध्ये हल्लेखोरांनी स्वतःच मोबाइलवर टिपलेली छायाचित्रे बाहेर आली, दुसऱ्या दिवशी मंत्री धनंजय मुंडे यांना राजीनामा द्यावा लागला, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ती छायाचित्रे मराठा विरुद्ध वंजारी या एकाच मथळ्याखाली फिरत राहिली. त्याआधी लोकसभेच्या निवडणुकीत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा 6,553 मतांनी पराभव केला तेव्हाही परस्परांच्या दुकानांवर बहिष्कार घालण्याच्या शपथांच्या चित्रफिती निघाल्या होत्या. या कोलाहलात मस्साजोगच्या घटनेचा आरंभबिंदू विसरला गेला. 6 डिसेंबरला त्या कंपनीच्या आवारात मारहाण झाली ती एका दलित सुरक्षारक्षकाला. आपल्या गावच्या त्या माणसासाठी सरपंच धावून गेला, आणि तेच वैर त्याच्या जिवावर उठले. एका मराठा सरपंचाने दलित रखवालदारासाठी उभे राहणे ही बातमी होती. तिला मोबाइलवर गिऱ्हाईक मिळाले नाही.

तशीच दुसरी बातमी जानेवारी 2024 मधली. ऊसतोड कामगारांच्या तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला तेव्हा लवाद म्हणून शरद पवार आणि पंकजा मुंडे एकाच टेबलाशी बसले होते. ती वाढ मराठा, वंजारी, बंजारा, दलित अशा प्रत्येक कोयत्याला सारखीच लागू झाली. चार महिन्यांनी त्याच कोयत्यांना एकमेकांविरुद्ध मोजण्यात आले. ज्या बीडने 1967 मध्ये साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि 1977 मध्ये गंगाधरअप्पा बुरांडे यांना लाल झेंड्यावर लोकसभेत धाडले, त्या जिल्ह्याला हे सहज विसरता येऊ नये. डावे कार्यकर्ते आज त्या बातम्या कोठे सांगतात? अनेकांचा दिवस शिवराळ संदेशाला सभ्य उत्तर लिहिण्यात जातो, आणि ते उत्तरही त्याच कंपनीचे उत्पन्न वाढवते. गावच्या पारावर बसून मस्साजोगच्या रखवालदाराची गोष्ट सांगायला मात्र कोणी जात नाही.

2025 मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या छातीवरील व टेबलावरील पाटीवरून आडनाव काढून केवळ पहिले नाव ठेवण्याचा आदेश दिला. उपाय छोटा आहे, आणि आडनाव नसले तरी गाव विचारून जात काढणारे निपुण लोक जिल्ह्यात कमी नाहीत. तरी ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या बाईला समोरच्या शिपायाचे फक्त नाव दिसते, आणि बोलायला सुरुवात करण्यापूर्वी तिला दुसरे काही वाचावे लागत नाही.