जुन्या नावाची पाटी

माझ्या पुतण्याची एक लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे, पुस्तकांची असती तर त्याने माझ्याकडून वर्गणी घेतली असती. ही संगणकातली. इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरावीत अशी तयार फंक्शन्स एकत्र बांधलेली. निवृत्त झाल्यावर मी पायथन शिकलो आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं काढू लागलो, ती तिच्याच जिवावर. एका एक तारखेला बिलं निघेनात. फोन केला.

"काका, त्या फंक्शनचं नाव बदललंय मी. जुनं फार गबाळं होतं."

"मग जुन्या नावाने हाक मारली तर नव्याकडे पाठवायची सोय ठेवायचीस!"

"म्हणजे कॉम्पॅटिबिलिटी लेयर? छे, कचरा साठतो त्याने."

या 'कचरा' शब्दाशी माझं भांडण आहे. १ एप्रिल १९५७ला या देशाने चौसष्ट पैशांचा रुपया मोडून शंभराचा केला. सरकारने काही आदल्या रात्री लोकांचे आणे गोळा करून समुद्रात बुडवले नाहीत. जुनी नाणी नव्यांबरोबर चालत राहिली. घोटाळा नको म्हणून नव्याला 'नवा पैसा' म्हटलं, आणि तो 'नवा' काढला १९६४ साली, लोकांच्या बोटांना सवय झाल्यावर. पावलीचे पंचवीस चोख बसले. एका आण्याचे मात्र सव्वासहा! तो पाव पैसा कोणाच्या तरी खिशातून गळायचाच. सोय केली की थोडी गळती आली, हे मला मान्य आहे. पण म्हणून भाजीवालीला वाऱ्यावर सोडायचं?

पायथनवाल्यांनी सोडलं. डिसेंबर २००८मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि दुसरीतले प्रोग्रॅम तिच्यात जसेच्या तसे चालेनात. साध्या 'प्रिंट'ला कंस नाही म्हणून खोळंबा! बदल वाईट होता असं मी मराठी माणूस तरी म्हणणार नाही. जुना पायथन अक्षरांऐवजी बाइट मोजायचा, त्यामुळे साध्या अवतरणातलं आपलं तीन अक्षरी 'कमल' सहसा नऊ भरायचं. नवा तीनच मोजतो. पण पूल? तो वेगळा बांधावा लागला. 'सिक्स' नावाची लायब्ररी निघाली (बे त्रिक सहा, म्हणून सिक्स), आणि एकच प्रोग्रॅम दोन्ही आवृत्त्यांत चालवायला लोकांनी ती डोक्यावर घेतली. अवतरणाआधीचा जो 'यू' तिसरीने हाकलला होता, त्याला २०१२ साली ३.३मध्ये मुकाट्याने परत घरात घेतलं. दुसरीची मुदत २०१५ची होती, ती २०२० केली. अकरा वर्षं दोन चुली! कचरा कोणाकडे जास्त साठला, सांगा.

लायब्ररी तुझ्याच घरात वापरली जात असेल तर जुनं नाव खुशाल पूस, बाबा. दुपारभराचं काम. पण ज्यांची तोंडंही तू पाहिली नाहीस असे लोक तिच्यावर संसार मांडून बसले असतील, तर जुनी पाटी राहू दे, तिच्याखाली नवा पत्ता लिही, आणि ती कधी उतरवणार ती तारीखही लिही. तारीख नसली तर मात्र तुझा कचरा खरा. बिनमुदतीच्या पाहुण्याला आमच्या घरातही कोणी दुसरा चहा विचारत नाही.

हे सगळं मी त्याला एका दमात ऐकवलं. वैतागून त्याने जुनं नाव वर्षभरापुरतं परत ठेवलं. आता दर एक तारखेला बिलांच्या आधी पडद्यावर सूचना उमटते: हे नाव लवकरच जाणार आहे, कृपया नवं वापरा. अकरा महिने मी ती न चुकता वाचतो आहे.